बाहेरगावच्या सॅम्पलांचं पोटॅशियम सारखं जास्त येतंय? मशीन उघडण्याआधी हे तपासा

लक्षण असं. सकाळी आपल्याच लॅबमध्ये काढलेल्या सॅम्पलांचं पोटॅशियम 4.1, 3.9, 4.4 येतं. दुपारी दीडला तालुक्याची पिशवी येते आणि त्यातली सॅम्पलं ओळीने 5.7, 6.2, 5.5, 6.6 दाखवतात. डॉक्टरांचा फोन येतो, "पेशंट तर ठणठणीत आहे, रिपोर्ट काय हा?" मग रिपीट होतं, आकडा तोच येतो. इलेक्ट्रोड साफ होतो, कॅलिब्रेशन होतं, इंजिनिअरला बोलावणं जातं. तो नवा इलेक्ट्रोड बसवून जातो आणि पुढच्या आठवड्यात पहिलेच पाढे पंचावन्न.

एकाच पिशवीतले आकडे वर आणि आपल्या घरचे नॉर्मल असतील तर दोष मशीनचा नाही. मशीनला सॅम्पल कुठून आलं ते कळत नाही. रिपीट करूनही उपयोग नसतो, कारण पोटॅशियम सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वर सुटणाऱ्या पाण्यात) खरोखरच वाढलेलं असतं. फक्त ते पेशंटच्या अंगात वाढलेलं नसतं, ट्यूबमध्ये वाढलेलं असतं.

लाल पेशीच्या आत पोटॅशियम सीरमच्या वीसेक पट असतं. पेशीच्या आवरणातला पंप ते सतत आत ओढत असतो आणि त्यासाठी साखर जाळतो. पेशी फुटली, पंप गारठला किंवा साखर संपली, की पोटॅशियम बाहेर येतं. चौथी वाट ट्यूबमधल्या औषधाची: जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं, रक्त गोठू न देणारं ईडीटीए हे पोटॅशियमचंच क्षार असतं. हे चारही प्रकार मराठवाड्यातल्या लांब पल्ल्याच्या सॅम्पलांत सापडतात. प्रत्येकाची खूण वेगळी आहे.

मशीनला पाच मिनिटं द्या, जास्त नाही

दोन्ही लेव्हलचे क्यूसी (आकडा आधीच माहीत असलेले तपासणीचे नमुने) लावा. एक क्यूसी ठरलेल्या आकड्यापासून 3 एसडीच्या (एसडी म्हणजे नेहमीच्या चढउताराचं माप) बाहेर गेला, किंवा लागोपाठ दोन वेळा एकाच बाजूला 2 एसडीच्या बाहेर गेला, तर थांबा आणि मशीनकडे बघा. दोन्ही आत असतील तर आपल्याच लॅबमधलं ताजं सीरम पाच वेळा चालवा. पाचही आकडे 0.1 ते 0.2 च्या आत राहिले की मशीन सुटलं.

इथे दोन गोष्टी फसवतात. पावडरचा क्यूसी जारच्या किंवा बोअरच्या पाण्याने कालवलेला असतो. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते गिझरच्या कॉइलला विचारा. डिस्टिल्ड पाणीच घ्या, बाटलीवर लिहिलं असेल तेवढंच पिपेटने मोजून घाला, न हलवता अर्धा तास ठेवा आणि मग अलगद फिरवून मिसळा. दुसरं, एसी चालू असताना सकाळी केलेलं कॅलिब्रेशन दुपारी लाइट गेल्यावर 40 अंशांच्या खोलीत खरं राहत नाही. इलेक्ट्रोडचा स्लोप (पोटॅशियम दहापट झालं की व्होल्टेज किती वाढतं ते) तापमानाबरोबर बदलतो: 25 अंशांना तो दर दहापटीला सुमारे 59 मिलिव्होल्ट असतो, 40 अंशांना 62 च्या वर जातो. लाइट आल्यावर खोली थंड होऊ द्या, पुन्हा कॅलिब्रेट करा, क्यूसी लावा. पण अशा वेळी घरचे आकडेही बिघडतात, फक्त तालुक्याचे नाही.

शेजारचे आकडे वाचा

पोटॅशियम एकटं बघू नका. त्याच सीरमवर कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फटेज आणि एलडीएच ही एन्झाइमं आणि साखर लावा. डॉक्टरांनी मागितलं नसलं तरी लावा. थोडं रिएजंट जाईल, पण इंजिनिअरच्या एका फेरीपेक्षा स्वस्त पडेल.

सीरम गुलाबी किंवा लाल आहे, पोटॅशियम वर, एलडीएच भरपूर वर, एसजीओटी थोडं वर, कॅल्शियम ठीक: पेशी फुटल्यात.

सीरम काचेसारखं स्वच्छ, पोटॅशियम वर, साखर जागेवर, कॅल्शियम ठीक: सॅम्पल सेंट्रीफ्यूजमध्ये न फिरवता, म्हणजे सीरम वेगळं न करता, गार केलेलं आहे.

सीरम स्वच्छ, पोटॅशियम वर, साखर 30–40 वर उतरलेली, फॉस्फरस वर: रक्त तासन्‌तास गुठळीवर बसून होतं.

सीरम स्वच्छ, पोटॅशियम अशक्य वर, कॅल्शियम 5–6 किंवा त्याहून खाली, अल्कलाइन फॉस्फटेज जवळजवळ गायब: ईडीटीए मिसळलंय.

यातला दुसरा प्रकार सगळ्यात जास्त चकवतो. सीरम इतकं देखणं असतं की संशयच येत नाही.

बर्फाची चूक

"सॅम्पल थंड ठेवा" हा सल्ला अर्धाच ऐकला जातो. थंड ठेवायचं ते वेगळं केलेलं सीरम. गुठळीसकट असलेलं रक्त 2 ते 8 अंशांत ठेवलं की पंप बंद पडतो. पेशी फुटत नाहीत, म्हणून सीरम लाल होत नाही, पण पोटॅशियम तासागणिक झिरपत राहतं. त्याच थंडीने साखर जळणंही मंदावतं, म्हणून ग्लुकोज चांगलं दिसतं. चांगली साखर आणि चढं पोटॅशियम ही जोडी दिसली की पिशवीतला बर्फाचा पॅक शोधा. बहुतेक वेळा प्लेन ट्यूब (रक्त गोठू देणारी साधी) त्याला चिकटूनच पडलेली असते.

हा दोष ऋतूप्रमाणे चेहरा बदलतो. एप्रिल-मेमध्ये उन्हाच्या भीतीने पिशवीत बर्फ कोंबला जातो. डिसेंबर-जानेवारीत बर्फ नसतो, पण परभणीकडचा पारा एक आकडी झालेला असताना रात्रीच्या एसटीने आलेलं पार्सल आपोआपच फ्रीजमधून आल्यासारखं होतं. म्हणून गेल्या वर्षभराचे पोटॅशियमचे आकडे काढा, रक्त गोळा करणाऱ्या सेंटरनुसार वेगळे करा आणि प्रत्येक महिन्याचा मधला आकडा लिहा. घरच्या सॅम्पलांचा मधला आकडा वर्षभर जवळपास सरळ राहील. ज्या सेंटरचा हिवाळ्यात वर सरकतो तिथली सॅम्पलं न फिरवता येतायत.

बर्फ न घालता उन्हात पाठवलं तर उलटंच होतं आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. 37 अंशांच्या आसपास पंप जोरात चालतो, पहिले काही तास पोटॅशियम उलट आत ओढलं जातं आणि आकडा खोटाच कमी येतो. डायलिसिसच्या पेशंटचं खरं 6.0 मे महिन्यात 5.4 दिसू शकतं. जास्त आकड्यावर निदान फोन तरी येतो, या आकड्यावर कुणी फोनही करत नाही. पुढे साखर संपली की पोटॅशियम परत वर चढतं.

साखरेचा हिशोब सोपा आहे. न फिरवलेल्या रक्तात खोलीच्या तापमानाला ताशी साधारण 5 ते 7 टक्के ग्लुकोज जळतं. म्हणजे 140 चे चार तासांत 110 च्या आसपास. एप्रिलमध्ये एसटीच्या टपावर याहून वेगाने. याच गोष्टीचा फायदा घ्या: त्याच पेशंटची फ्लोराइडची (साखर जळणं थांबवणारी, राखाडी टोपणाची) ट्यूब असेल तर दोन्ही ट्यूबमध्ये साखर लावा. प्लेनमधली फ्लोराइडपेक्षा बरीच कमी असेल तर रक्त किती वेळ गुठळीवर होतं ते कागदावर लिहिलेल्या वेळेपेक्षा खरं कळतं. फक्त एवढं लक्षात ठेवा की फ्लोराइडही साखर जळणं लगेच थांबवत नाही. पहिला तास-दोन तास थोडी घट त्यातही होते.

पेशी का फुटतात

रक्त काढतानाच फुटतात, सेंट्रीफ्यूजमध्ये क्वचित. स्पिरिट न वाळू देता सुई घातली. बारीक सुईने 10 मिलीची सिरिंज जोरात ओढली. सुई न काढता सिरिंजचं दांडकं दाबून रक्त ट्यूबमध्ये पिचकारीसारखं सोडलं. प्लेन ट्यूब जोरजोरात हलवली. मोठ्यांना 21 किंवा 22 गेजची सुई वापरा, शिरा बारीक असतील तर 23. त्याहून बारीक सुई नाइलाज असेल तरच. स्पिरिटला अर्धा मिनिट वाळू द्या. सिरिंजने काढलं असेल तर सुई काढून टाका आणि रक्त ट्यूबच्या भिंतीवरून हळू ओघळू द्या.

टर्निकेट (हाताला आवळायचा पट्टा) सुईच्या जागेपासून चार बोटं वर बांधा आणि मिनिटाच्या आत सोडा. आणि ते "मूठ मारत राहा" म्हणणं बंद करा. सारखी मूठ उघडमीट केली की कोपराखालच्या स्नायूंतून पोटॅशियम निघतं आणि आकडा 1 ने, कधी त्याहूनही जास्त वाढतो. यात सीरम स्वच्छ, साखर ठीक, कॅल्शियम ठीक, वेळ ठीक असं सगळंच ठीक दिसतं, म्हणून कारण कधीच सापडत नाही. उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलेल्या माणसाची शीर सापडत नाही आणि मूठ मारायला सांगण्याचा मोह तेव्हाच होतो. त्याऐवजी हात खाली लोंबकळता ठेवायला सांगा, कोमट पाण्याचा कपडा लावा. "मावशी, मूठ हलकी धरा, आवळू नका" एवढं पुरतं.

हिमोलिसिस, म्हणजे पेशी फुटणं, नुसत्या नजरेवर सोडू नका. एकाला लाल दिसतं ते दुसऱ्याला "थोडं गुलाबी" दिसतं. रंगाचा तक्ता लॅबमध्येच करता येतो. उरलेलं ईडीटीए रक्त घ्या, प्लाझ्मा (न गोठलेल्या रक्तातलं वरचं पाणी) काढा, पेशी सलाइनने तीनदा धुवा. तळाच्या पेशींत तेवढंच डिस्टिल्ड पाणी घाला, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून वितळवा आणि जोरात फिरवून वरचं लाल पाणी घ्या. सेल काउंटरवर त्याचं हिमोग्लोबिन बघा आणि पाण्याने ते बरोबर 10 ग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणा. आता स्वच्छ, पिवळसर नसलेल्या उरलेल्या सीरमच्या 980 मायक्रोलिटरमध्ये हे 20 मायक्रोलिटर घाला. झालं 200 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. त्यात तेवढंच सीरम घालून 100, पुन्हा तसंच करून 50. तिन्ही आणि नुसत्या सीरमची एक कोरी ट्यूब पांढऱ्या कागदासमोर, ठरलेल्या एकाच दिव्याखाली ठेवून फोटो काढा आणि छापून टेबलाच्या वर लावा. ट्यूबच जपून ठेवू नका, दोन दिवसांत त्या तपकिरी होतात.

मोकळं हिमोग्लोबिन 100 मिलिग्रॅमने वाढलं की पोटॅशियम ढोबळमानाने 0.3 ने वाढतं. म्हणून 50 च्या आत असेल तर रिपोर्ट द्या, 50 ते 100 मध्ये शेरा लिहून द्या, 100 च्या वर पोटॅशियम देऊ नका, नवं सॅम्पल मागा. हा 0.3 चा हिशोब वजा करून "दुरुस्त" आकडा छापायचा मोह टाळा. प्रत्येकाच्या पेशी वेगळ्या, वजाबाकी चुकते आणि खरं कमी असलेलं पोटॅशियम त्या लालीखाली झाकलं जातं. कावीळ असलेल्या सीरममध्ये हा तक्ता चालत नाही, तिथे एलडीएचकडे बघा.

जांभळ्या ट्यूबचं रक्त

प्लेनमध्ये रक्त कमी पडलं म्हणून जांभळ्या ट्यूबमधलं थोडं ओतलं. हे कबूल कुणी करत नाही, पण कॅल्शियम सांगून टाकतं. ईडीटीए कॅल्शियमला बांधतं, अल्कलाइन फॉस्फटेजला लागणारं झिंक आणि मॅग्नेशियमही बांधतं. पूर्ण ओतलेलं असेल तर पोटॅशियम मशीनच्या मर्यादेपलीकडेच जातं आणि लगेच ओळखू येतं.

अवघड असतं ते थोडंसं मिसळलेलं. ट्यूबमध्ये दर मिली रक्तामागे साधारण 1.8 मिलिग्रॅम ईडीटीए असतं. त्यातलं पोटॅशियम पाण्याच्या भागातच राहतं, म्हणून जांभळ्या ट्यूबच्या रक्ताचा विसावा हिस्साही प्लेनमध्ये आला तर आकडा पाऊण-एकने वर जातो, कॅल्शियम मात्र नॉर्मलच्या तळाशी कसंबसं टिकून राहू शकतं. सिरिंजचं टोक जांभळ्या ट्यूबला टेकवून मग प्लेनमध्ये रक्त घातलं तरी हे घडू शकतं. म्हणून क्रम पाळा: निळी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी राखाडी. राखाडीतही काही कंपन्यांच्या ट्यूबमध्ये पोटॅशियम ऑक्झलेट असतं, लेबल वाचा.

सेंटरवर काय बदलायचं

खरा उपाय एकच: सीरम तिथेच वेगळं करायचं. उदगीर, किनवट किंवा आष्टीहून जिल्ह्याला पोहोचायला दोन ते चार तास जातात, आणि रक्त काढल्यापासून दोन तासांत सीरम पेशींपासून वेगळं व्हायला हवं. हे गणित पिशवीत काहीही घालून सुटत नाही.

आठ ट्यूबचं साधं सेंट्रीफ्यूज पुरतं. प्लेन किंवा जेल ट्यूब (फिरवल्यावर सीरम आणि पेशींमध्ये जेलचा पडदा बसतो ती) उभी ठेवून खोलीच्या तापमानाला 30 ते 45 मिनिटं गोठू द्या. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर तासभर. घाईने फिरवलं तर सीरममध्ये धागे राहतात आणि मशीनची नळी तुंबते. मग 1000 ते 1300 जीवर (जी म्हणजे फिरण्याचा जोर, आरपीएम म्हणजे मिनिटाचे फेरे) 10 मिनिटं, ट्यूब तिरप्या बसत असतील तर 15. आरपीएम सगळीकडे सारखा नसतो. मधल्या दांड्यापासून ट्यूबच्या तळापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याला आरपीएमच्या वर्गाने गुणा आणि 0.00001118 ने गुणा. अंतर 10 असेल तर 3000 आरपीएमला सुमारे 1006 जी मिळतो, 15 असेल तर तोच आरपीएम 1509 देतो, तिथे 2700 ठेवा म्हणजे सुमारे 1220 मिळेल. आकडा झाकणावर मार्करने लिहून ठेवा.

जेल ट्यूब एकदाच फिरवायची. वाहतुकीनंतर "नीट बसली नाही" म्हणून परत फिरवली की जेलखालचं साठलेलं पोटॅशियम वरच्या सीरममध्ये येतं. नवे टेक्निशियन ही चूक हमखास करतात, कारण त्यांना ती काळजी वाटते. जेल नसेल तर सीरम पिपेटने दुसऱ्या ट्यूबमध्ये काढा, गुठळीपासून थोडं वर थांबा, नाव आणि वेळ लिहा. आता खुशाल बर्फात ठेवा. वेगळ्या केलेल्या सीरममध्ये पोटॅशियम 2 ते 8 अंशांत काही दिवस टिकतं.

लाइट गेली तर? ट्यूब फ्रीजमध्ये ढकलू नका. उभ्या स्टँडमध्ये, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा आणि लाइट आली की फिरवा. न फिरवता पाठवणं अटळच असेल तर थर्मोकोलच्या डब्यात बर्फाऐवजी माठातल्या पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या ठेवा, ट्यूब कापडात गुंडाळा, आत एक थर्मामीटर टाका. कोरड्या उन्हाळ्यात माठाचं पाणी पंचविशीच्या आसपास राहतं आणि रक्ताला तेवढंच हवं असतं. डबा 20 ते 25 अंशांत पोहोचला तर ठीक. तरीही चिठ्ठीवर "न फिरवलेलं" आणि रक्त काढल्याची वेळ हवीच. दोन तास उलटून गेले असतील तर त्या सॅम्पलवर पोटॅशियम, साखर, फॉस्फरस आणि एलडीएच देऊ नका. क्रिएटिनिन, युरिया निघतील.

सेंटरवाल्याला तोंडी सांगून पटत नसेल तर प्रयोग दाखवा. एकाच निरोगी माणसाचं रक्त चार प्लेन ट्यूबमध्ये घ्या. एक 40 मिनिटांनी फिरवा आणि सीरम काढा. दुसरी बर्फाला चिकटवून, तिसरी टेबलावर, चौथी माठाच्या बाटल्यांच्या डब्यात ठेवा. चार तासांनी तिन्ही फिरवा आणि चारही सीरमवर पोटॅशियम आणि साखर एकाच बॅचमध्ये लावा. रंग चारहींचा सारखाच दिसेल, आकडे नाही. चार ट्यूबचा खर्च आणि वादाचा शेवट.

सगळं ठीक असूनही जास्त आलं तर

आधी पेशंटचा विचार करा, मग ट्यूबचा. मूत्रपिंडाचा आजार, डायलिसिस, स्पायरोनोलॅक्टोन, रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या यांत पोटॅशियम खरोखर वाढतं. 6.0 च्या वर आकडा आला आणि सीरम स्वच्छ असेल तर नव्या सॅम्पलची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा आणि शंका काय आहे तेही सांगा. ईसीजी काढायचा की नाही ते त्यांना ठरवू द्या. "तालुक्याचं सॅम्पल आहे, असंच येतं" म्हणून बाजूला ठेवलेला एखादा आकडा खरा असू शकतो.

मग सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) बघा. रक्त गोठताना प्लेटलेटही पोटॅशियम सोडतात, म्हणून सीरमचा आकडा प्लाझ्मापेक्षा नेहमीच 0.1 ते 0.4 ने जास्त असतो. प्लेटलेट 5 लाखांच्या वर असतील तर हा फरक वाढतो. अशा वेळी त्याच वेळी, त्याच शिरेतून प्लेन आणि हिरवी हेपरिनची (रक्त गोठू न देणारी) ट्यूब भरा. सीरम प्लाझ्मापेक्षा 0.4 हून जास्त वर असेल तर रिपोर्टमध्ये प्लाझ्माचा आकडा द्या आणि तसं लिहा. पांढऱ्या पेशी लाखाच्या वर असलेल्या ल्युकेमियात मात्र उलटं होऊ शकतं: त्या नाजूक पेशी हेपरिनच्या ट्यूबमध्ये आणि सेंट्रीफ्यूजमध्ये फुटतात आणि प्लाझ्माच जास्त येतो. तिथे ट्यूब फिरवू नका, हलवू नका. हेपरिनच्या सिरिंजमधलं रक्त हाताने चालत नेऊन ब्लड गॅसच्या मशीनवर लगेच लावा.